काचेची पाटी

माझ्या बोटांवर ठसे नाहीत, ही गोष्ट वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एका दुकानात कळली. नवा फोन समोर होता. दुकानातला पोरगेला मुलगा म्हणत होता, "काका, बोट नीट टेकवा," आणि मी एकामागून एक दहाही बोटे टेकवून पाहत होतो. फोन दर वेळी अंमळ थरथरे आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणे. अगदी आमच्या शाळेतले जुने हेडमास्तर म्हणत त्याच सुरात. वीस-पंचवीस वर्षे खडू, पोस्टर कलर आणि टर्पेंटाइन यांत हात घालणाऱ्या माणसाच्या बोटांवर ईश्वराने काढलेली नक्षी फारशी शिल्लक राहत नाही, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. शेवटी मुलगा कंटाळला. "राहू द्या, चेहरा दाखवा," म्हणाला. चेहरा मात्र फोनने एका दमात ओळखला. त्या आनंदात मी घरी आलो. रात्री चष्मा काढून उशाशी ठेवला आणि सहज फोन हाती घेतला, तर त्याने मला ओळख दाखवायचे साफ नाकारले. चौदा हजार रुपये मोजून आणलेल्या वस्तूने पहिल्याच रात्री 'आपण कोण?' असे विचारावे, यापरता अपमान तो कोणता?

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ इतकी वर्षे होता कुठे? मी चिपळूणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे दहावी. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा आणि कलाशिक्षकाची पदविका. कॉलेजची पायरी चढलो नाही, म्हणूनच बहुधा कादंबऱ्या लिहू धजलो. दोन छापून आल्या आहेत. तिसरीचे पुढे सांगावेच लागणार आहे. फोन म्हणाल तर माझ्याजवळ बटणांचा होता आणि तो मला पुरे. घरात बायकोचा आणि मुलीचा असे दोन मोठे फोन होतेच. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा बायकोच्या फोनपुढे बसून मी हवेत कुंचला फिरवलेला आहे. शाळेतली ऑनलाइन माहिती भरण्याची कामे माझ्या वतीने एक तरुण सहकारी करी आणि त्याच्या वर्गाचे फलक मी रंगवून देई. दोघांचेही बरे चालले होते.

त्यात ह्या अंकाच्या संपादकांचा निरोप आला: लेख अवश्य पाठवा, पण हस्तलिखित नको, टंकलेखन करून युनिकोडमध्ये पाठवा. माझे अक्षर गावात नावाजलेले आहे. लग्नाच्या हॉलवरच्या पाट्यांपासून शाळेच्या गौरवपत्रांपर्यंत ते ठिकठिकाणी सापडेल. ते अक्षरच नको म्हणणारा संपादक भेटला, तेव्हा मी ओळखले की आता फोन घेतलाच पाहिजे.

आज त्याला बरोबर आठ दिवस झाले.

पहिले दोन दिवस मी त्याला घाबरून होतो. ते वर्णन करीत नाही. ज्यांनी नवी सायकल, नवे घड्याळ किंवा नवी सून घरात आणली आहे त्यांना ते ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी मुलीने मराठीचा कळफलक बसवून दिला आणि मी लिहायला बसलो. पहिलाच धक्का दिला तो 'ल'ने. मी मुलांना गेली कित्येक वर्षे मराठी ल शिकवतो तो दोन पाकळ्यांचा, आणि श देठाचा. फोनवरचा ल उभ्या दांड्याला टेकून उभा! श देखील हिंदीच्या वळणाचा. मी मुलीला हाक मारली. ती संगणकाचे शिकते. तिने समजावले, "बाबा, फोनच्या हिशेबी मराठीचा ल आणि हिंदीचा ल एकच आहेत. युनिकोडमध्ये दोघांना मिळून एकच क्रमांक. तो कसा दिसायचा ते फॉण्ट ठरवतो." मी म्हणालो, "अगं, पण शासनाने 2009 साली निर्णय काढून पाकळीचा ल मराठीला दिलेला आहे." ती म्हणाली, "मग फोनला निर्णय दाखवा." तो कागद माझ्या कपाटात आहे, पण फोनला कागद दाखवण्याची रीत अजून मला यायची आहे. ळ तेवढा आपल्याला स्वतंत्र क्रमांकाचा मिळाला आहे, यावर मी समाधान मानले.

दुसरी गंमत आणखी न्यारी. तुम्ही एक शब्द लिहावा आणि कळफलकाच्या वरच्या पट्टीत पुढचे तीन शब्द हात जोडून उभे! 'नमस्कार' लिहा, 'सर' हजर. 'आपला' लिहा, 'विश्वासू' हजर. मला वाटले, याची एकदा परीक्षा घ्यावी. म्हणून माझ्या गेलेल्या कादंबरीचे पहिले वाक्य, जे मला तोंडपाठ होते, ते मी लिहू लागलो. 'मावळत्या' असे लिहिले मात्र, पट्टीत 'सूर्याच्या' येऊन उभा. त्यावर बोट ठेवले. 'सोनेरी' मी लिहिला, तर 'किरणांनी' त्याने दिला. मी अक्षरशः उडालो. यंत्राला वाङ्मयाची इतकी जाण! बायको चहा घेऊन आली तिलाही दाखवले. ती काही बोलली नाही. कप ठेवून गेली.

आईची आणि फोनची गाठ चौथ्या दिवशी पडली. आई चौथी शिकलेली. ती त्याला 'काचेची पाटी' म्हणते. बोललेले तो लिहून घेतो, हे मी तिला दाखवायला गेलो. "आई, काहीतरी बोल." तिला काय बोलावे सुचेना. मग म्हणाली, "फणसाच्या आठळ्या मातीत घोळून ठेवल्यात." पाटीवर अक्षरे उमटली: 'फणसाच्या आठवणी मातीत घोळून ठेवल्यात.' मी हसत सुटलो. आईने वाचून दाखवायला सांगितले आणि ऐकून म्हणाली, "काय वाईट लिहिलंन रे त्याने?"

त्याच दिवशी पाऊस धरला. आषाढातला पाऊस धरला की आम्हा बाजारपेठेतल्या माणसांचे अर्धे लक्ष वाशिष्ठीकडे असते. फोनमध्ये पावसाचा अंदाज सांगणारे चित्र असते: एक गुबगुबीत ढग आणि त्याखाली तीन थेंब. इतका गोंडस ढग मी आमच्या गावावर कधी पाहिला नाही. पण फोनमध्ये भरतीची वेळही मिळते, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी खराच आदर वाटला. कारण वरून डोंगराचे पाणी आणि खालून खाडीची भरती एका वेळी आली की चिपळूणचे काय होते, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. मी वेळ शोधून काढली आणि ऐटीत आईला विचारले, "आज भरती किती वाजता सांग पाहू?" तिने तांदूळ निवडता निवडता विचारले, "तिथी कुठली? दशमी ना? मग तिथीची पाऊणपट. साडेसात." फोनवर आठ वाजून पाच मिनिटे होती. पस्तीस मिनिटांच्या फरकासाठी चौदा हजार रुपये दिले असा हिशेब आईने केला नाही, ही तिची मोठी माया.

आता त्या तिसऱ्या कादंबरीचे सांगतो.

2013 च्या जानेवारीत 86 वे साहित्य संमेलन आमच्या गावात भरले. त्या गर्दीत, त्या धुळीत, मोठमोठे लेखक जवळून जाताना पाहून मला उमाळा आला आणि मी ती लिहायला घेतली. गोवळकोटच्या धक्क्यावरचा एक तरीवाला तिचा नायक. आठ वर्षे लिहीत होतो. चारशे बारा पाने झाली. 2005 च्या 26 जुलैचा पूर आम्ही भोगलेला होता आणि त्याच्या पाण्याची रेघ आमच्या भिंतीवर अजून होती. म्हणून हस्तलिखिताची ट्रंक त्या रेघेच्या वर चांगली फूटभर, फळीवर ठेवली होती. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी पेठेत शिरले ते कुठल्याही रेघेला विचारीत बसले नाही. आम्ही चौघे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. फोन बंद, वीज बंद. खाली आपल्या घरात भांडी एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज अजून कधी कधी झोपेत येतो.

पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली. तिच्यात चिखल होता, आणि कागद होता असे म्हणायला हरकत नाही. त्याच दिवसांत 1864 पासून चालत आलेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकेही भिजली होती. लोकांची दुकाने गेली होती, माणसे गेली होती. त्यापुढे माझ्या चारशे पानांचे रडगाणे गायची लाज वाटायला हवी होती. सुरुवातीला वाटलीही. कोणी विचारले तर मी एवढेच म्हणे, "हो, गेली. बरी जमली होती." पुढच्या पावसाळ्यात 'बरी'ची 'चांगली' झाली. त्याच्या पुढच्या वर्षी एका समारंभात मला शाल देताना अध्यक्ष 'पुरात वाहून गेलेल्या एका श्रेष्ठ कलाकृतीचे जनक' असे म्हणाले आणि मी मान खाली घातली. पण 'नाही हो' असे काही म्हणालो नाही. पाण्यात गेलेली कादंबरी दर पावसाळ्यात थोडथोडी सुधारत गेली. नवे काही लिहवत नव्हते, त्यालाही ते कारण पुरत असे. ज्याचे सर्वोत्तम गेले तो पुन्हा काय लिहिणार? लोकही मान हलवीत.

पाचव्या दिवशी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला व्हॉट्सअॅपवरच्या आपल्या घोळक्यात ओढून घेतले. एकदम साठ-सत्तर नमस्कार आले. फुले आली, दिवे आले, एका मुलीने तर हलणारा गणपती पाठवला. मग कोणी लिहिले, 'सरांची कादंबरी पुरात गेली, माहीत आहे ना?' हळहळीचा पूर लोटला. रडणारी पिवळी तोंडे किती आली, मी मोजली नाहीत. त्यांत एकटा गप्प होता तो पुण्यात छपाईच्या अक्षरजुळणीचे काम करणारा एक विद्यार्थी. रात्री साडेदहाला त्याचा वेगळा निरोप आला. 'सर, 2019 च्या मे महिन्यात मी घरी आलो होतो, आठवतं? तुम्ही पहिली काही पानं दिली होती, टाइप करून बघ म्हणून. मी फोटो काढले होते. तो फोन गेला पण फोटो राहिले. आत्ता शोधले. अकरा आहेत.'

आणि खाली अकरा पाने. माझ्या अक्षरात. माझ्या पाकळीच्या लने लिहिलेली.

वाचकहो, मला रडू आले, ते लपवीत नाही. मी पान मोठे करून पाहिले. दोन बोटांनी ताणले की ते मोठे होते. शाईचा निळा रंग, डाव्या समासातली माझी खूण, एके ठिकाणी चहाचा डाग. गेलेले माणूस दारात उभे राहावे तसे झाले. मग मी वाचायला सुरुवात केली.

मावळत्या सूर्याच्या सोनेरी किरणांनी वाशिष्ठीचे पात्र न्हाऊन निघाले होते. तरीवाला अंतर्मुख झाला होता. दुसऱ्या पानावर वारा मंद वाहत होता आणि तरीवाला पुन्हा अंतर्मुख झाला होता. तिसऱ्या पानावर त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले. माझ्या अंगावर काटा आला. त्या पट्टीने मला तिसऱ्या दिवशी पुढचा शब्द आयता दिला होता, तो तिला वाङ्मयाची जाण होती म्हणून नव्हे! शंभर जणांनी लिहून गुळगुळीत केलेला शब्द तिने पुढे सरकवला होता आणि मीही आठ वर्षे तेच करीत होतो. फोटोवर बोटाने रेघोट्या मारता येतात, हे मुलीने दाखवले होतेच. मी तांबडा रंग निवडला आणि नववीच्या वहीवर मारतो तशा खुणा करीत गेलो. अकरा पानांत 'अंतर्मुख' नऊ वेळा निघाला. खाली गुण द्यायची सवय हाताला असते. दहापैकी चार दिले. मग वाटले, तीनच द्यावेत.

तेवढ्यात पाटी थरथरली. 'सर, मिळाली ना पानं?' मी काही लिहिले नाही. पूर्वी पत्राला उत्तर द्यायचे नसले तर टपाल पोहोचले नाही म्हणता येई. किती संसार त्या एका सबबीवर टिकले असतील! इथे दोन निळ्या खुणा लगेच चुगली करतात: गृहस्थाने वाचले आहे आणि तो गप्प बसला आहे. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. 'सगळ्यांना दाखवू का, सर? ग्रुपवर टाकतो. सगळे वेडे होतील.'

मी फोन उशीखाली ठेवला. बाहेर पाऊस पडत होता.

सहाव्या दिवशी शाळेत मी पाचवीला 'पावसातील दृश्य' काढायला दिले आणि खिडकीत उभा राहिलो. विचार दोनच होते. एक, पाने दाखवू नकोस म्हणावे. कारण विचारले तर 'फार जवळचे आहे रे' म्हणावे, ते शोभूनही दिसेल. दुसरा विचार मला करवेना. ती शाल कपाटात होती. ते अध्यक्षांचे शब्द होते. आणि खरे सांगू का, चारशे पाने पाण्यात गेली त्या दिवशी मला जितके एकटे वाटले नव्हते तितके त्या अकरा पानांपुढे वाटले.

रात्री जेवणे झाल्यावर बायकोला सांगितले. एवढेच म्हणालो, "पहिली अकरा पानं सापडली."

ती ओटा पुसत होती. वळून म्हणाली, "टोपीचं पान आहे का हो त्यात?"

"कुठलं टोपीचं?"

"असं काय करता? तो ओल्या हातानं पैसे घेत नाही. टोपी पुढे करतो, माणसं आपापल्या हातानं त्यात टाकतात. आणि पाण्यावर असेपर्यंत तो टोपीत बघत नाही. काठाला लागल्यावरच मोजतो."

मी फोन आणला. सातवे पान. मी रात्री तिथपर्यंत आलो तेव्हा रागाने इतका आंधळा झालो होतो की त्या पानावर तांबडी खूण एकही नाही हेही ध्यानात आले नव्हते. दोघे ओट्यापाशी उभे राहून वाचू लागलो. सूर्य नव्हता. वारा नव्हता. टोपी होती, तिच्या कडेचा उसवलेला टाका होता, चिल्लर टाकताना एक म्हातारी दोनदा हात आत घालते ते होते. आणि शेवटी, काठाला लागल्यावर तरीवाल्याला टोपी रोजच्यापेक्षा जड लागते, एवढ्यावर पान संपले होते.

"तू सगळी वाचली होतीस," मी म्हणालो. "तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'कशी वाटली' विचारलंत. मी 'छान' म्हटलं. त्या प्रश्नाला दुसरं काय उत्तर असतं?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि नंतर पूर आला. वाहून गेलेल्याला कुणी नावं ठेवतं का?"

मी तिथेच उभ्याउभ्या त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहायला घेतले. 'सातव्या' असे लिहिले तर पट्टीत 'वेतन' हा शब्द येऊन उभा राहिला; मास्तराचा फोन तो, त्याला सातवा वेतन आयोगच आठवणार. त्याला बाजूला सारून मी एकेक अक्षर शोधत लिहिले, 'सातव्या पानाचा फोटो तेवढा टाक. बाकीची पाने बरी नाहीत. मी ती बरी होती असे सांगत आलो, ते खरे नव्हते.' पाठवण्याच्या बाणावर बोट ठेवायला थोडा वेळ लागला. उत्तर ताबडतोब आले: 'फक्त एकच, सर?' मी 'हो' लिहिले. दोन निळ्या खुणा झाल्या. मग तोही गप्प बसला.

बायको अजून सातव्या पानाकडेच पाहत होती. तिला पान बोटाने सरकवायचे असते हे माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, पण ती सरकवीत नव्हती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "टोपी जड का लागली हो? चारशे पानं झाली तरी तुम्ही ते सांगितलंच नाहीत. मी शेवटपर्यंत वाट बघत होते."

मला आठवेना. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि आठवे पान उघडले. तिथे सूर्य मावळत होता.